अनोळखी, वय अंदाजे

दिवसभर मी नावं चिकटवते.
मिरजेत, दवाखान्याच्या तळमजल्यावर,
जांभळ्या टोपणाच्या नळीवर, लाल टोपणाच्या नळीवर:
आधी आडनाव, मग नाव, वय, वॉर्ड.
नाव नसलेलं रक्त
आमच्याकडे मशीनला लावत नाहीत.

आणि घरी, मोरीचं पाणी जातं तिथं,
कुंपणाच्या तारेला धरून
काहीतरी वर चाललंय.
मी लावलेलं नाही.
पान कातरलेलं, कोथिंबिरीच्या थोरल्या भावंडासारखं,
देठ सुतळीहून बारीक,
आणि फुलाच्या दांडीला दोन ताणे,
गर्दीत कुणाची बाही धरून ठेवावी तसे.

बाबगोंडाअण्णा हळदीच्या सौद्यावरून येता येता
गाडी बंद न करताच म्हणाले,
"तण हाय. उपट."
अण्णा हळकुंड मोडलं की नुसत्या आवाजावरून
त्याचं गाव सांगतात.
पण जे विकत नाही
त्याला त्यांच्याकडे एकच नाव.

सतारीचे भोपळे वाळवणारे इनायतचाचा
निदान खाली तरी बसले.
पान चुरगळलं, हुंगलं.
"भोपळ्याच्या खानदानातलं नव्हे, बेटा.
हे वाजणार नाही."

फोनमधलं ॲप म्हणालं: कारलं, एकसष्ट टक्के.
दुसऱ्या दिवशी ढग होते, तर द्राक्ष.
एकसष्ट टक्क्यांवर आम्ही
साधा मलेरियासुद्धा लिहून देत नाही.

त्याच आठवड्यात जंक्शनवरून एकाला आणलं,
फलाटावर बाकाखाली सापडलेला.
चिठ्ठीवर: अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास.
तीन नळ्या. तिन्हींवर मी तेच लिहिलं.
अनोळखी हेही नाव म्हणून चालतं,
मशीननं काही कुरकुर केली नाही.
वॉर्डातल्या मल्लप्पानं कानडीत विचारून पाहिलं.
तो म्हणाला, "नीरु."
नवीन सिस्टरनं नावाच्या रकान्यात लिहूनही घेतलं.
"अहो, पाणी मागतोय," मल्लप्पा म्हणाला.

हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ.
तिसऱ्या दिवशी खाट रिकामी,
चादरीची घडी घातलेली, कडेला कड जुळवून.
रिपोर्ट माझ्या खणात आहे.

गौरी गेल्या. वेलाला फुगे धरले,
हिरवे, तीन कोनांचे, पतंगाच्या कागदाचे म्हणावेत असे,
आत कुणी राहत नसल्यासारखे हलके.
कपडे वाळत घालताना एक हाताला लागला
आणि मला काही न विचारता
हातानं तो तोडला
आणि कपाळावर आपटला.

फट्ट.

कपाळफोडी!
ओरडलेच मी, भर दुपारी,
ओल्या चादरीखाली उभी.
तासगावाकडची आमची शाळा,
घंटेआधी रांगेतली बावीस कपाळं फटाफट,
आणि सुमन हिंगमिरे, जी तीस वर्षांत
एकदाही आठवली नव्हती,
ती सगळ्यांत मोठा फुगा
दप्तरात न चेंबटता माझ्यासाठी आणायची.

दोन महिने मी डोक्याला विचारत होते.
ठाऊक होतं कपाळाला.

"काय फुटलं गं?" पलीकडून चाचा.
"वाजलं, चाचा. वाजतंय हे."

फुगा सोलला. आत तीन बिया,
काळ्या कुळकुळीत, मिऱ्याएवढ्या,
प्रत्येकीवर एक पांढरी खूण.
पत्त्यातला बदाम, म्हणेल कुणी.
मला ते लेबलच दिसलं,
सरळ चिकटवलेलं, एक सुरकुती नाही,
आणि त्यावर
काही लिहिलेलं नाही.

दोन बिया मोरीपाशीच टाकल्या.
तिसरी सोमवारी खणात ठेवली, त्या रिपोर्टवर.
कागद उडू नये म्हणून, असं म्हणू.
बीचं वजन ते किती.