वीस तेत्री

तिबिलिसीत, ग्लदानीतल्या आमच्या नऊ मजली इमारतीत
लिफ्टला नाणं लागतं. वर जायला वीस तेत्री,
उतरायला फुकट.
पेटीची किल्ली माझ्याकडे, म्हणून सांगतो:
महिन्यातली निम्मी नाणी एकट्या ओतियाची.

अकरा वर्षांचा. शाळेतून आला की दप्तर पोटाशी धरून
वर, खाली, वर, खाली,
आणि मोटरच्या घरघरीबरोबर त्याची एक गुणगुण.
आमच्याकडे जेवणं लांबतात, म्हातारे गायला लागतात,
तेव्हा एक जण नुसता खालचा सूर धरून बसतो ना,
तशी.

पाचव्या मजल्यावरच्या नाझिब्रोलाने तक्रार लिहिली:
मुलाला वळण नाही.
कागद सहीला माझ्याकडे आला. मी सही केली.
हेही सांगायला हवं.

फेब्रुवारीत लिफ्ट बंद पडली.

लोकांना इथे एक गोष्ट ऐकायला आवडते,
की पोराने आवाजावरून बिघाड आधीच ओळखला होता.
नाही. काही ओळखलं नव्हतं.
त्याने नाणं टाकलं, दार हललं नाही,
आणि त्याच्या पायाखालची जमीनच गेली.
स्वतःचा हात चावला. डोकं भिंतीवर.
मझिया, त्याची आई, खाली बसली,
डोकं आणि भिंत यांच्यामध्ये आपला तळवा घालून.
ती बोलली नाही.
आम्ही सगळे बोललो.
कुणी पाणी आणा, कुणी क्रूस काढला हवेत,
कुणी म्हणालं, आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला
आणि तो भाजल्यासारखा ओरडला.

नाझिब्रोला बाजाराच्या पिशव्या घेऊन आली. थबकली.
वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार.
तिने पिशव्या ठेवल्या. जिन्याचा दिवा मालवला.
'तमाशा नाही इथे. निघा.'
मग दारात उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून,
आत येणारी प्रत्येक नजर
आपल्या रुंद कोटावर झेलत.
चाळीस मिनिटं.

नंतर मझिया जिन्यावर भेटली.
'उतरायला फुकट, असं लिहिलंय तुमच्या पेटीवर.
आमच्याकडे उलटं आहे, शाल्वा काका.
चढतो तो क्षणात.
उतरायचंच मोल पडतं.'
नवरा पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
चार वर्षांत तिला सलग झोप नाही.
माझ्या जिभेवर एक डॉक्टर होता, मेहुण्याच्या ओळखीचा.
गिळला. विचारलं, काय करू?
ती म्हणाली, 'लिफ्ट कधी सुरू होणार
ते त्याला डोळ्यांनी दिसेल असं सांगा.'

खडूने भिंतीवर सहा चौकोन काढले.
रोज एक पुसायचा. तो बाहीने पुसायचा,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, जराही पांढरं न ठेवता.
सहावा पुसला, आणि मोटरचा भाग आलाच नाही.
'उद्या येईलच' हे आम्ही मोठे
किती सहज बोलतो, त्या संध्याकाळी कळलं.
पुन्हा तळवा, पुन्हा भिंत, पुन्हा तो कोट दारात.

सातव्या चौकोनात मी प्रश्नचिन्ह काढलं.
म्हटलं, ओतिया, मलाही माहीत नाही.
तो बराच वेळ पाहत राहिला.
मग वाकून, बरोबर त्या टिंबाखाली,
जमिनीवर एक नाणं ठेवलं.
दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरं.
पाच झाली तेव्हा भाग आला.

मिठीबिठी मारली नाही त्याने.
चौकटीवर टेकलेलं माझं मनगट उचललं,
खुर्ची सरकवावी तसं बाजूला केलं,
दार लावलं, गेला.

शनिवारी दोन तास तो नाझिब्रोलाकडे असतो.
तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात
ब्लँकेटांखाली ठेवलंय, टिकटिक त्याला टोचते.
मझिया तेवढं झोपते. कधी झोप येत नाही,
तरी पडून राहते.
तक्रारीचा कागद माझ्या खणात आहे, सहीसकट.
फाडला नाही.

परवा तळाशी पाना पुसत होतो. वरून सूर येत होता.
लक्षात आलं, मीही धरलाय तो, नकळत.
लिफ्ट खाली आली. दार उघडलं.
ओतियाने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाकडे,
मान हलवली: चूक.
आणि पुन्हा सुरुवातीपासून.