एकशे सतरानंतर एकशे अठरा

माझ्या वहीत क्विटेरियाबायच्या मीटरनंतर
सुलक्षा केरकरांचा मीटर येतो.
एकशे सतरा, मग एकशे अठरा.
हे आकडे ज्याने घातले
तो पायी चालणारा माणूस होता :
काजूखालून, चिऱ्यांच्या जुन्या खाणीच्या कडेने,
आणि जिथे धाप लागते नेमकी तिथे
केरकरांची न्हाणी,
पाणी हवं का विचारणारं कोणीतरी.
बावीस पावलं. मी मोजली आहेत.

आता मध्ये भिंत.
भिंतीमागे सी-ब्रीझ एन्क्लेव्ह
(सड्यावरून समुद्र दिसत नाही, वारा मात्र येतो),
गेट, शिट्टी, रजिस्टर.
एकशे अठराला जायचं तर मागे फिरा,
हायवेला लागा, पुलाच्या खांबांखालून वळा,
दुसऱ्या कॉलनीच्या पोटातून वर या.
स्कूटरच्या काट्यावर दोन किलोमीटर चारशे.

पर्वरीत रस्ते वाढले, कोण नाही म्हणतो?
ऑफिसातल्या नकाशावर बघा :
जेवून उठल्यावर ताटात उरलेला बांगड्याचा काटा.
एक कणा, दोन्ही बाजूंना टोकं,
आणि एकही टोक दुसऱ्या टोकाला भेटत नाही.

वीज तेवढी अजून जुन्या वाटेने जाते,
खांबावरून खांबावर, भिंतीवरून,
कोणाच्या रजिस्टरात सही न करता.

परवा बायने बिंबलांच्या लोणच्याची बरणी दिली,
'तिका दी' म्हणाली.
बरणी हायवेवरून गेली, पायांमध्ये धरलेली.
वॉचमनने विचारलं, काम?
मी म्हटलं, रीडिंग.
त्याने तसंच लिहिलं.

पुढच्या महिन्यापासून मशीन येणार.
साहेब म्हणतात, नंबर नव्याने लागतील,
रस्त्याप्रमाणे, पेट्रोल वाचेल.
केरकर तीनशे बेचाळीस.
बरोबरच आहे. मी सही केली.

फक्त एक राहतं.
पूर्वी दिवेलागणीला बायला खिडकीतूनच कळायचं
पलीकडे कोणी उठलं-बसलं ते.
आता ती मला विचारते, मी येतो तेव्हा :
'दिवो लागता मरे तिचो?'

मी वही उघडतो.
मागच्या वेळी एकसष्ट युनिट.
या वेळी नऊ.
'लागता बाय,' मी म्हणतो,
आणि स्कूटरला किक मारतो,
आज आधी तिकडेच.