प्रश्न क्रमांक चार

बारिंगोच्या काठी तिसऱ्या फॉर्मची मुलं
दोरीला मीटर-मीटरवर गाठ मारून निघाली.
जुन्या नकाशात इथे फुटबॉलचं मैदान.
आता गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर
पाणकावळा पंख वाळवतोय.

नासिएकूने प्रश्नावली काढली.
चार : तुमच्या घरापासून तळं किती लांब?

नोलारी म्हातारी बोळकं पसरून हसली.
तळं तर घरातच असतं हल्ली,
चुलीत मासे.
मला विचार, मी किती लांब.

‘मीटर’च्या अलीकडची जागा कोरीच.

लेमेरिया दोरी धरून शिरला, कमरेइतका.
पाणघोडा आहे रे, फीर मागे! सर ओरडले.
तोवर एकोणीस गाठी भिजल्या होत्या.

नासिएकूने लिहिलं : एकोणीस.
खाली, बारीक अक्षरात :
रात्री म्हातारीला इथवर ऐकू येतं,
तिची भांडी एकमेकांवर आपटतात ते.