चाकांची वही

चाक हातात घेतलं की मला वळण कळतं.
रिम आत दबली असेल
तर सारंगांच्या गडग्याला घासून आलंय.
आरे एकाच बाजूचे तुटले असतील, तर उघडं गटार.
आणि अख्खं चाक पापडासारखं दुमडलं असेल
तर मी काही विचारत नाही,
आधी पोराकडे बघतो.

साखरदांड्याच्या तिठ्यावर माझी टपरी.
पंप, पाण्याचं घमेलं, सोल्यूशनची ट्यूब
आणि एक वही. मूळची उधारीची.
कुणाची सायकल, काय काम, किती बाकी,
आणि सवयीनं, कुठे पडली.

रस्ता रुंद झाला तेव्हा पेढे वाटले होते.
मीही खाल्ला एक.
मग कळलं, रुंद झाला तो साइडपट्टी गिळून.
आता इकडे गडगा, तिकडे गटार,
मध्ये चिऱ्याचे डंपर
आणि शनिवारी काळ्या काचांच्या गाड्या.
त्यांना समुद्राची घाई.
समुद्र कुठे जाणार आहे?

पहाटे लिलावावरून परतणाऱ्या बाया
उजेड अंगावर आला की गडग्याला पाठ लावतात,
पाटीतलं कोळंबीचं पाणी मानेवरून ओघळत.
शाळेच्या पोरी पायडल मारता मारता
सारख्या मागे वळून बघतात,
पुढे बघायच्या वयात.

ग्रामसभेला बांधकाम खात्याचे साहेब आले.
म्हणाले, गतिरोधकाला अपघाताची नोंद लागते.
पोलिसांत एकच सापडली,
तीही म्हशीची.

सभा हसली. सुगंधा दोरलेकर हसली नाही.
पाटी दाराबाहेर ठेवून आली होती ती.
"शिमग्यात पालखी नाचते तवा थांबतात ना गाड्या?
हारन पण नाय वाजवत.
खांद्यावर देवी हाय म्हणून.
आमच्या डोक्यावर घर हाय, साहेब.
ता नाय दिसत?"

साहेब म्हणाले, भावना पोचल्या. पण नोंद…

तेव्हा नववीतली सदफ मुकादम
माझ्याकडे बघायला लागली.
तिचं चाक मी तीनदा सरळ केलंय.
मी उठलो, टपरी उघडली, वही आणली,
पानापानावर ग्रीसचे अंगठे.
वाचायला तिलाच दिली.

"वीस जून. सदफ मुकादम. पुढचं चाक आउट.
सारंगांचं वळण. वीस रुपये बाकी."
पुन्हा हसले सगळे.
"सात ऑगस्ट. यशोधन भाटकर. फोर्क वाकला. शाळेसमोर.
सतरा ऑगस्ट. पोस्टमन. हँडल. सारंगांचं वळण.
एकोणतीस ऑगस्ट. सारंगांचं वळण.
नऊ नोव्हेंबर. हसन म्हालदार. सायकल भंगारात.
पैसे घेतले नाहीत."

तिथे ती थांबली.
हसनची आई खिडकीपाशी बसली होती.
पंख्याचा आवाज तेवढा.
साहेबांनी पेनाचं टोपण काढलं,
विचारलं, याची झेरॉक्स मिळेल का?

मग अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज.
वहीची झेरॉक्स इतकी फिकट
की माझे अंगठेच अक्षरांपेक्षा ठळक.
गतिरोधक आला तो पहिल्यांदा
सरपंचांच्या दारासमोर आला.
पुन्हा पत्र. दुसरा आला, वळणाच्या अलीकडे, जिथे हवा होता.
गटाराची झाकणं अजून यायचीत.
साइडपट्टी आम्हीच आखली एका रविवारी,
चुना, दोरी, बादली.
पावसात जाईल म्हणाले लोक.
जाईलच. पुन्हा आखू.

पट्टीच्या आत आता सुगंधा चालते,
मान न वळवता.
डंपरवाला शिव्या देतो, पण हळू जाताना देतो.

या महिन्यात आउट काढायला एकही चाक आलं नाही.
नुसती पंक्चरं, काट्यांची.
धंदा बसलाय थोडा.

सदफ सकाळी हवा भरायला थांबते,
काल विचारत होती, ते वीस रुपये देऊ का काका?
म्हटलं, राहू दे.
दिलेस तर ती ओळ खोडावी लागेल मला.