सतरा दिवसांची मजुरी

आयसीयूला खिडकी नाही.
बाहेर सोलापूर त्रेचाळीसवर तापलंय,
आत मी स्वेटर घालून बसते
आणि ट्यूबलाइट रात्र होऊ देत नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला
आणि नायना निघून गेले.
म्हणजे कॉटवरच होते. नाडी होती, लघवी होत होती,
डॉक्टर म्हणाले आकडे चांगले आहेत.
पण ते गेले होते
साखर पेठेतल्या त्या शेडमध्ये
जिथे आता मोटारसायकलींचं शोरूम आहे.

"नूलु तेगिंदि," म्हणाले. धागा तुटला.
आणि चादरीवरून काहीतरी वेचायला लागले,
चिमटीत धरून, डोळ्यांपाशी नेऊन.
सलाइनच्या नळीला ताण देऊन पाहिला.
"नायना, हे हॉस्पिटल आहे. मी श्यामला."
उधारी मागायला आलेल्याकडे बघावं
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

रात्री दोनला नळी उपसली.
रक्त पार भिंतीपर्यंत.
इरण्णा आणि म्हेत्रे सिस्टर, दोघांनी मिळून
मनगटं गॉजच्या पट्टीने कॉटला बांधली.
कागदावर सही माझी.

नायनांनी गाठ निरखली.
"कोणी मारली ही? नवशिका दिसतोय."
आणि दोन बोटांनी सोडवली.
इरण्णाने परत मारली. त्यांनी परत सोडवली.
तिसऱ्यांदा सिस्टरना हसू आलं, मग मलाही,
मग मला ते थांबवताच येईना,
म्हणून मलाच बाहेर काढलं.

व्हरांड्यात कुणाची तरी आई
भिंतीला टेकून विड्या वळत होती.
पान नाही, तंबाखू नाही, सूप नाही,
नुसती बोटं.
तिला कोणी बांधलं नव्हतं.

"याला डिलिरियम म्हणतात," सकाळचे डॉक्टर म्हणाले.
"वेड नाही हे. आजार डोक्यात शिरलाय, उतरेल.
चष्मा आणा. कानाचं मशीन आणा.
वार सांगत राहा, वेळ सांगत राहा.
आणि एक,
गप्प झाले तर बरे झाले असं समजू नका."

गप्प झाले.
अख्खा गुरुवार ते छताकडे बघत होते
आणि मी सांगत होते, आज गुरुवार.
दुपारचे तीन. आता चार. आता साडेचार.
ऐकणारं कोणी नसलं की
वेळ सांगणं फार मूर्खपणाचं वाटतं.

शुक्रवारी रात्री त्यांनी चष्म्यातून
माझ्याकडे नीट, ओळखीने पाहिलं.
"मुकादम," म्हणाले,
"माझी सतरा दिवसांची मजुरी राहिलीय."
वार, तारीख, माझं नाव,
सगळं तोंडाशी आलं होतं.
मी पर्स उघडली.
रिक्षासाठी ठेवलेल्या दहा-दहाच्या नोटा
त्यांच्या हातावर ठेवल्या.
थुंकी लावून त्यांनी त्या मोजल्या,
परत मोजल्या,
एक माझ्याकडे सरकवली.
"ही जास्तीची आहे."
आणि झोपले. आठवड्यात पहिल्यांदा.
बाकीच्या नोटा मुठीतच.
सकाळी सिस्टरनी पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या,
मी काही विचारलं नाही.

आता घरी आहेत. कडक भाकरी
चहात बुडवून खातात, दात अजून बसत नाहीत.
काठी घेऊन अशोक चौकापर्यंत जातात
आणि उन्हाला शिव्या देत परत येतात.
त्यांना काहीच आठवत नाही.
नळी नाही, रक्त नाही,
अकरा रात्री स्टुलावर बसलेली मी नाही.

परवा मात्र घास हातातच धरून म्हणाले,
"तिथं एक मुकादम होता बघ.
रात्रीचा आला, कुणी बोलावलं नसताना.
भला माणूस. सगळे चुकते केले.
कुठं राहतो, जरा विचारशील?"

मी शेंगाचटणी वाढत होते.
"विचारते," म्हणाले.