निरंक

उपकेंद्राच्या नोंदवहीत सात रकाने आहेत.
सहावा बिघाडाचा. एकोणीस वर्षं मी तो भरत आलोय,
कधी समासात शिरून, कधी मागच्या पानावर:
'तार तुटली.' 'डीओ उडाला.'
'वानर चिकटलं, दोन तास बंद.'
एकदा नुसतंच 'वैशाख'.

मग पांढरा कंटेनर आला.
चोपड्याहून येताना ट्रेलर लिंबाखाली अडकला,
फांदी तोडायला आमचीच शिडी नेली.
आत बॅटरी. बाहेर पाटी:
प्रात्यक्षिक प्रकल्प, कालावधी अठरा महिने.
खाली निधीचा आकडा, इतक्या शून्यांचा
की पेंटरनं शेवटची दोन
एस्टीतल्या तिसऱ्या सीटसारखी कोंबली.
माझ्या खुर्चीची पाठ काथ्यानं बांधलेली आहे.
ती त्या पाटीत बसत नव्हती. मी विचारलंही नाही.

निशिगंधा मॅडम म्हणाल्या,
आता लाइन स्वतःच सांगेल कुठे दुखतंय.
पडद्यावर उमटलं: खांब एकसष्ट ते बासष्ट.
धुडकू कोळी मागे उभा, हातात बांबू,
डाव्या तळव्यावर जुन्या भाजल्याचा पांढरा डाग.
हसला. "तठे काळी माटी शे, ताई.
चैतमा जमीन फाटस, खांब वाकस, तार खाले येस.
तुमना यंत्रले आज समजनं."
मॅडमनी ते लिहून घेतलं, तारखेसकट.
माझ्या हिशोबी पहिलं प्रात्यक्षिक तेच.

दुसरं मंडपात झालं. सत्तेचाळीस अंश,
चार कूलर, निधी देणाऱ्या कार्यालयाचे साहेब,
केळीच्या पानावर कळण्याची भाकरी, भरीत.
अकरा बेचाळीसला मी मुख्य ब्रेकर पाडला.
खट्.
आयुष्यभर या आवाजामागून
सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत शिव्या येत आल्यात.
मी खांदे आवळून उभा.
कूलर फिरत राहिले.
साहेबांच्या ग्लासातलं ताक हललं नाही.
"करा ना मग सुरू," ते म्हणाले.
"झालं, सर."
"काय झालं?"
"काहीच नाही झालं, सर," मॅडम म्हणाल्या,
पोरगी पहिली आल्यासारख्या.

टाळ्या नेमक्या कशाला वाजवायच्या, कुणाला कळेना.
मागून कुणी म्हातारा ओरडला,
"परत दखाडा ना भो, मी तंबाखू मयी ऱ्हायंतू!"

तिकडे टिश्यूकल्चरच्या थंड खोलीत
काचेच्या बरण्यांतून उभी केळीची रोपं,
नखाएवढी, दिव्याखाली हिरवी.
त्यांनाही काही कळलं नाही.
कळलं असतं तर संध्याकाळी ती काळी पडली असती.

आता अहवाल. सोबत छायाचित्रं जोडा म्हणतात.
न गेलेल्या विजेचा फोटो कसा काढायचा?
मॅडमनी कूलरचा जोडला.
पुढचा निधी त्या कूलरवर ठरेल.
निधीचं हे बरं असतं: बिघाडासारखा न सांगता येतो,
पण जाण्याची तारीख पाटीवर रंगवून ठेवतो.

त्याच रात्री वारं सुटलं.
दोन दहाला पडद्यावर एकसष्ट लाल झाला,
मी चष्मा शोधेपर्यंत बाकीची लाइन
दुसऱ्या बाजूनं वळली होती.
गावात एक पंखा थांबला नाही.
मी कुणालाच फोन केला नाही.

अडीचला फाटकाशी लुना.
धुडकू, डोक्याला रुमाल, बांबू आडवा बांधलेला.
"काय रे, तुला कोणी बोलावलं?"
"इतला वारा," तो म्हणाला, "आनि फोन उना नही.
म्हनीसन उनू."

सहाव्या रकान्यात मी लिहिलं: निरंक.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा; क वर पेन अडखळला.
सातवा रकाना शेऱ्याचा, तो कुणी वाचत नाही.
तिथं लिहिलं: धुडकू येऊन गेला.
चहा घेतला. खांब एकसष्ट
सकाळी बघतो म्हणाला.