चौकोन

क्लाक्सविकच्या धक्क्याला शेवटची फेरीबोट लागली
की हानुस इंजिनखोलीतच बसून राहतो.
आज त्याने फोनवर नवी सिस्टीम चढवायला घेतली,
अजून बाजारात न आलेली.

फोनने आधीच बजावलं:
हे कच्चं आहे. बिघडलं तर जबाबदारी तुमची.
हानुस हसला.
या बोटीचा दुसरा पंप अकरा वर्षं
तारेने बांधलेला आहे,
त्यासाठी कुणी सही मागितली नव्हती.

त्रेसष्ट टक्क्यांवर पट्टी अडली.
फोन तव्यासारखा तापला, तो त्याने
ओल्या हातमोज्यावर ठेवला, सुका मासा चघळत बसला.
वाट बघण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही.

दोन वाजता पडदा उजळला.
हवामान, भरती-ओहोटी, बँक, सगळं जागच्या जागी.
फक्त एक अक्षर गळालेलं,
जिथे जिथे ते होतं तिथे रिकामा चौकोन.
बायकोच्या नावात ते दोनदा येतं.

तसं ते मुकंच अक्षर. हाक मारताना
नुसतं ‘गुरी’ ऐकू येतं.
पण लिहिताना गाळलं
तर ती दुसरीच कोणीतरी होते.

तक्रारीचा फॉर्म त्याने मन लावून भरला.
काय केलंत: बायकोचं नाव उघडलं.
काय व्हायला हवं होतं: ती.
काय झालं: दोन चौकोन.
असं किती वेळा होतं:
ती कोपनहेगनला गेल्यापासून रोज.
मग हे शेवटचं खोडून
‘नेहमी’ लिहिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं, अगदी नम्र.
आमच्याकडे असं होत नाही.